सरफोजी राजांची नेत्रचित्रे आणि काचबिंदूचा रंगीत कागद

तंजावरचे सरफोजी राजे भोसले हे नाव मराठी वाचकाला ग्रंथसंग्रहामुळे ठाऊक असते. सरस्वती महाल ग्रंथालय, तिथली हस्तलिखिते, मोडी कागदांचे गठ्ठे, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास, हे सारे त्यांच्याशी जोडलेले आहे. पण त्यांच्या संग्रहात आणखी एक ठेवा आहे आणि त्याची चर्चा नेत्रतज्ज्ञांच्या बाहेर फारशी होत नाही. तो म्हणजे डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे आणि त्यांच्यासोबत काढलेली डोळ्यांची चित्रे. छायाचित्रणाचा शोध जगाला कळण्याआधीची ही नोंद आहे. आज काचबिंदूच्या तपासणीसाठी यंत्रावर डोळ्याची प्रतिमा काढली जाते आणि लाल-हिरव्या रंगांचा कागद रुग्णाच्या हातात पडतो. त्या कागदावर किती भरवसा ठेवायचा, हे समजून घ्यायला या राजाचे चरित्र उपयोगी पडते.

विजापूरमार्गे तंजावर

सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवरचे विजापूर हे या कथेचे मूळ. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत गेले आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी तंजावरची गादी मिळवली. कावेरीच्या काठी, तमिळ मुलखात, मराठी बोलणारे राजघराणे उभे राहिले.

सरफोजींचा जन्म १७७७ चा, भोसल्यांच्याच एका शाखेतला. तंजावरचे तुळजाजी राजे यांना वारस उरला नव्हता. त्यांनी या मुलाला दत्तक घेतले आणि १७८७ मध्ये ते वारले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी गादी घेतली. दत्तकविधानावर आक्षेप निघाले आणि लहान सरफोजींच्या वाट्याला कोंडलेले जिणे आले. मरणापूर्वी तुळजाजींनी त्यांना श्वार्त्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली दिले होते. मुलाची आबाळ होते आहे हे पाहून श्वार्त्झ यांनी कंपनी सरकारकडे दाद मागितली आणि सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले. तिथे त्यांचे शिक्षण झाले. मराठी, तमिळ, संस्कृत या भाषांबरोबर इंग्रजी आली आणि युरोपातल्या नव्या शास्त्रांची गोडी लागली.

अखेर दत्तकविधान वैध ठरले आणि १७९८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सरफोजी गादीवर बसले. त्याच वर्षी काही महिने आधी श्वार्त्झ वारले होते. राजांनी पुढे फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. स्वतः मात्र ते आपल्या धर्मातच राहिले आणि देवळांची कामेही करत राहिले.

गादी मिळाली, पण राज्य फार दिवस हाती उरले नाही. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा परिसर आणि ठरलेला तनखा उरला. अशा अवस्थेत अनेक संस्थानिकांनी शिकारीत आणि मेजवान्यांत दिवस काढले. सरफोजींनी तो पैसा आणि वेळ पुस्तके, छापखाना, शाळा आणि वैद्यक यांत घातला.

धन्वंतरी महाल

त्यांनी देवनागरी छापखाना उभारला आणि इसापच्या गोष्टी मराठीत करवून छापल्या. जगाचा भूगोल सांगणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी गेय नाटक त्यांच्या नावावर आहे. युरोपातून ते पुस्तके मागवत. त्यांची सही असलेली इंग्रजी पुस्तके आजही ग्रंथालयात आहेत. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. लाव्हाझिए, लिनिअस, ब्युफाँ या शास्त्रज्ञांबद्दल सहज बोलणारा हिंदुस्थानी राजा पाहून ते चकित झाले आणि त्यांनी तसे लिहून ठेवले.

वैद्यकासाठी राजांनी धन्वंतरी महाल ही संस्था चालवली. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा वेगवेगळ्या पद्धतींचे जाणकार एकत्र होते. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधे तयार होत. कोणत्या औषधाचा गुण येतो हे पाहून त्याची टिपणे ठेवली जात. त्यातून तयार झालेले पाठ तमिळ पद्यांत बांधले गेले आणि त्यांत डोळ्यांच्या रोगांवरचा भागही आहे.

राजांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत विशेष रस होता. मॅक्बीन नावाच्या इंग्रज शल्यवैद्याचे साहाय्य त्यांना मिळाले. राजे स्वतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत, असे तंजावरच्या परंपरेत मानले जाते. या कामाच्या इंग्रजीतल्या नोंदी सरस्वती महालात राहिल्या. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता केला आणि पुढे काय झाले, असा त्यांचा क्रम आहे. सोबत दरबारी चित्रकारांनी काढलेले डोळे आहेत. हेच चित्रकार पक्षी, प्राणी आणि वनस्पतींची बारकाईने चित्रे काढत. दिसेल तेवढेच काढायचे, ही शिस्त त्यांच्या हातात मुरलेली होती.

चित्रात न मावलेला रोग

मोतीबिंदूच्या बाबतीत अशा चित्राचा फार उपयोग होता. भिंग पांढुरके झाले की बाहुलीतून ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. बुबुळावरचे फूल दिसते, लाली दिसते, सूज दिसते. डोळ्याच्या दर्शनी भागात जे घडते ते चांगला चित्रकार कागदावर उतरवू शकतो.

काचबिंदू तिथे घडत नाही. डोळ्याच्या मागच्या बाजूने जी नस मेंदूकडे जाते, तिच्यात दहा लाखांहून अधिक बारीक तंतू असतात. काचबिंदूत हे तंतू हळूहळू मरतात. बहुधा डोळ्याच्या आतल्या द्रवाचा दाब त्यांना झेपत नाही. कधी तो दाब वाढलेला असतो, तर कधी मोजमापात सामान्य असूनही त्या नसेला जास्त ठरतो. नजर कडेकडून कमी होते, मधली शाबूत राहते. रुग्णाला दुखत नाही, डोळा लाल होत नाही. दाब एकदम चढणारा काचबिंदूचा एक प्रकार आहे. त्यात डोळा ठणकतो, लाल होतो आणि डोके फुटेल असे वाटते. आयुर्वेदातला 'अधिमंथ' त्याच्याशी जुळतो असे अनेक वैद्य मानतात. पण बहुसंख्य रुग्णांचा काचबिंदू मुका असतो.

सोलापूरच्या वाचकांनी हे जरा नीट लक्षात घ्यावे. इथे विडी वळणाऱ्या बाया आहेत, शिवणकाम करणारे आहेत, यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारे कामगार आहेत. ही सगळी कामे मधल्या नजरेची. काचबिंदू बराच वाढला तरी पान कापता येते, सुईत दोरा ओवता येतो. त्यामुळे नजर चांगली आहे असेच वाटत राहते. बाजूने येणारी दुचाकी दिसेनाशी होते, पायरी चुकते, तेव्हा ते वयावर ढकलले जाते. तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशात घरोघर जाऊन झालेल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला हा रोग आहे हे आधी माहीतच नव्हते. गेलेली नजर परत येत नाही. उपचाराने उरलेली नजर वाचते.

सरफोजी राजे १८३२ मध्ये वयाच्या चोपन्नाव्या वर्षी वारले. जिवंत माणसाच्या डोळ्यात आत डोकावून नस पाहण्याचे साधन तोवर जगात कुठेच नव्हते. ते आणखी अठरा वर्षांनी निघाले.

आत डोकावणारा आरसा

१८५० च्या अखेरीस जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप तयार केला. डोळ्यात प्रकाश टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या रेषेतच आपला डोळा ठेवायचा, अशी ती युक्ती. डोळ्याचा पडदा आणि नसेचे तोंड प्रथमच दिसू लागले.

दिसू लागले, पण म्हणून बरोबर कळलेच असे नाही. बर्लिनचे फॉन ग्रेफे हे त्या काळचे अग्रगण्य नेत्रवैद्य. काचबिंदूच्या रुग्णांत नसेचे तोंड फुगून पुढे आले आहे, असा निष्कर्ष त्यांनी सुरुवातीला काढला. वास्तविक ते खोलगट झालेले होते. एका डोळ्याने पाहताना उंचवटा आणि खड्डा यांतला फरक कळणे कठीण, म्हणून नजर फसली. थोड्याच काळात त्यांच्या शाळेतल्या अभ्यासकांनी आणि शरीररचनेच्या जाणकारांनी खड्डा दाखवून दिला आणि ग्रेफे यांनी आपले मत बदलले. पुढे १८५७ मध्ये तीव्र काचबिंदूवर बुबुळाच्या रंगीत पडद्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी मांडली आणि असंख्य डोळे वाचले.

डोळ्याच्या प्रतिमेच्या इतिहासातला हा पहिला मोठा धडा आहे. प्रतिमा स्वच्छ असूनही तिचा अर्थ चुकू शकतो.

लाल, पिवळे, हिरवे

आजचे यंत्र खोली मोजते. ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, हे तंत्र १९९१ मध्ये जगापुढे आले. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी वापरतात, तसा इथे प्रकाशाचा परतावा वापरतात. नसेभोवतीच्या तंतूंचा थर किती जाड आहे, हे यंत्र मायक्रॉनमध्ये सांगते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निरोगी प्रौढ डोळ्यात हा थर सरासरी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. मोजमाप दोन-चार मिनिटांत होते, डोळ्याला स्पर्श होत नाही.

मग यंत्र हा आकडा आपल्या पोटात साठवलेल्या निरोगी माणसांच्या आकड्यांशी ताडून पाहते आणि रंग देते. हिरवा म्हणजे निरोगी माणसांत सर्रास आढळणारी जाडी. पिवळा म्हणजे शंभर निरोगींपैकी पाचांपेक्षा कमी जणांत आढळणारी. लाल म्हणजे शंभरातल्या एकापेक्षाही कमी जणांत आढळणारी. म्हणजे लाल रंगाचा अर्थ काचबिंदू असा नाही, दुर्मीळ असा आहे. निरोगी माणसातही अधूनमधून लाल उमटणारच, आणि एका कागदावर असे बरेच चौकोन व पाकळ्या असतात.

यंत्र चुकते कुठे, याची कारणे ठरलेली आहेत. मोठा उणे नंबर असलेला डोळा लांबट असतो, त्यात थर पातळ किंवा सरकलेला दिसतो आणि काचबिंदू नसताना लाल येते. मोतीबिंदू दाट असेल तर प्रकाश नीट आत जात नाही. संकेत कमजोर पडतो आणि थर खरा आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. सरफोजी राजांच्या चित्रकारांना स्पष्ट दिसणारा तोच मोतीबिंदू आजच्या यंत्राच्या वाटेत आडवा येतो. डोळा कोरडा असला, रुग्ण हलला, मोजण्याचे वर्तुळ नसेवर नीट बसले नाही, तरी आकडा बिघडतो.

उलट चूकही होते. ज्याचा थर मुळात भरपूर जाड होता, त्याचा बराच भाग झिजला तरी आकडा हिरव्यातच राहतो. अशा रुग्णाची खोटी समजूत पटते आणि हीच चूक अधिक महागात पडते. रोग फार पुढे गेल्यावर आणखी एक अडचण येते. थर एका मर्यादेखाली पातळ होत नाही, कारण तंतूंसोबत तिथे इतर पेशी आणि रक्तवाहिन्याही असतात. अशा वेळी रोग वाढत असतो, यंत्राचा आकडा मात्र जागेवर थांबलेला दिसतो.

२०१५ मध्ये काक्रेन या संस्थेने ओसीटी आणि तशाच आणखी दोन प्रतिमातंत्रांवरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तिन्हींची अचूकता साधारण सारखीच निघाली. बहुतेक अभ्यासांत एका बाजूला पक्के निदान झालेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसे घेतली होती. त्यामुळे यंत्राची अचूकता प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसली असावी, असेही त्यात नमूद आहे. दवाखान्यात येणारा माणूस बहुधा या दोन टोकांच्या मधला असतो.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण धरू. चाळिशीपुढच्या १००० माणसांत ३० जणांना काचबिंदू आहे. यंत्र दहांपैकी सात रुग्ण ओळखते आणि शंभर निरोगींपैकी पाचांवर उगाच बोट ठेवते. तर ३० पैकी २१ सापडतील, ९ सुटतील. उरलेल्या ९७० निरोगींपैकी सुमारे ४८ जणांच्या कागदावरही शंका उमटेल. म्हणजे शंका आलेल्या ६९ जणांत खरे रुग्ण २१ च. यंत्र टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. एकट्या यंत्राच्या जोरावर कोणाला आयुष्यभराचे औषध सुरू करू नये आणि कोणाला निर्धास्तही सोडू नये, एवढाच अर्थ आहे.

एक चित्र पुरत नाही

म्हणून डॉक्टर निदानासाठी अनेक गोष्टी जुळवतात. डोळ्याचा दाब, कॉर्नियाची जाडी, गोनिओस्कोपी म्हणजे द्रव बाहेर जाण्याचा कोपरा उघडा आहे की बंद हे खास भिंगातून पाहणे, भिंग लावून नसेची प्रत्यक्ष पाहणी, आणि नजरेची कड मोजणारी फील्ड टेस्ट. प्रतिमा नसेची रचना सांगते, फील्ड टेस्ट तिचे काम सांगते. दोन्हींचा बिघाड एकाच जागी जुळला की निदान बळकट होते. कोपरा बंद होणारा काचबिंदू आशियाई लोकांत तुलनेने जास्त आढळतो आणि नसेच्या ओसीटीत तो कोपरा दिसत नाही, हेही ध्यानात असावे.

प्रतिमेचे सगळ्यात मोठे बळ तुलनेत आहे. यंत्रातल्या अनोळखी निरोगींशी ताडून पाहण्यापेक्षा आपल्याच डोळ्याच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडणे अधिक विश्वासाचे. वयानुसार थर थोडा पातळ होतोच, पण त्याहून वेगाने घसरण दिसली तर रंग हिरवा असतानाही डॉक्टर सावध होतात. उणे नंबरवाल्याचे लाल वर्षानुवर्षे तसेच स्थिर राहिले, तर काचबिंदूची शंका मागे पडते. मात्र मोजमाप शक्यतो त्याच यंत्रावर व्हावे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी थेट जुळत नाहीत.

सरफोजी राजांच्या कागदांचे मोल इथे कळते. त्यांच्या दवाखान्यातल्या चित्राशेजारी रुग्णाची तक्रार, उपचार आणि पुढची हकीकत लिहिलेली होती. चित्र एकटे नव्हते. राजांनंतर त्यांचे पुत्र शिवाजी राजे गादीवर आले. ते १८५५ मध्ये वारले आणि पुरुष वारस नाही म्हणून संस्थान खालसा झाले. राज्य गेले, कागद राहिले. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. बद्रिनाथ यांचे या नोंदींकडे लक्ष गेले आणि नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. दोनशे वर्षांपूर्वीच्या डोळ्याला काय झाले होते, हे आजचा डॉक्टर त्या कागदावरून सांगू शकतो. आपल्यापैकी किती जणांना पाच वर्षांपूर्वीचा डोळ्याचा कागद घरात सापडेल?

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा नसेसह डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल, मधुमेह असेल, मोठा उणे नंबर असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा स्टिरॉइडचे थेंब अथवा गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील, तर लवकर जावे. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव नोंदवताना डोळ्याचा दाब आणि नसही पाहून द्या, असे आवर्जून सांगावे. ओसीटी झाल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. संकेत चांगला आला का? माझ्या नंबरमुळे किंवा मोतीबिंदूमुळे आकडा बिघडला असेल का? फील्ड टेस्टशी तो जुळतो का?

आणि कागद फेकू नये. काही अहवालांची छपाई कालांतराने फिकी पडते, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, मूळ कागद तारखेनुसार फाइलला लावावा आणि दरवेळी ती फाइल सोबत न्यावी. डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी पुढच्या तपासणीला मागचा आकडा हाताशी असला पाहिजे.